सात जणी ऐकत होत्या

बारावीच्या वर्षी मी भौतिकशास्त्राचे नऊ धडे फुकट मिळवले. एका धड्याचे दहा रुपये पडत आणि तेवढे पैसे माझ्याजवळ होते.

दारव्ह्यात शिकवणी घेणाऱ्या बाईंना आम्ही आपा म्हणायचो. त्यांच्या घराला लागूनच सासऱ्यांचं, म्हणजे अब्बांचं, गॅरेज होतं. कापसाची वेचणी लागली की खेड्यांतल्या मुली महिनाभर शिकवणीला येत नसत. त्यांच्यासाठी आपांनी मोबाइलवर धडे रेकॉर्ड केले आणि त्या ते मेमरी कार्डात भरून देऊ लागल्या.

मीही वेचणीत अडकले होते. त्या वर्षी सीलबंद पिशवीतलं बियाणं उगवलंच नाही आणि आम्हाला दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून बाबांचा नियम ठरला होता : "आधी कोनाच्या वावरात पाहाव, मंगच आनाव." तोच नियम मी धड्यांना लावला. मैत्रिणीच्या विकतच्या कार्डावरून एक धडा उतरवून घेतला, ऐकला. तो उत्तम होता.

तर्कातली चूक आज मला स्वच्छ दिसते. दुसऱ्याच्या वावरातलं पीक पाहिल्यावरही पिशवी विकत घ्यावी लागतेच. धडा मात्र पारखून होईपर्यंत माझा झालेला होता. पारखणं आणि मिळणं यांत अंतरच उरलं नाही, आणि पैसे देण्याची वेळ नेमकी त्या अंतरात येते. मग उरलेले आठही मी घेतले आणि वावरात भेटणाऱ्या सात मुलींच्या मोबाइलमध्ये टाकले. मला तर ती शेजारधर्माची गोष्ट वाटली.

शिकवणीला परतले तेव्हा आपांनी विचारलं, कॉइलमधला करंट तोडताना ठिणगी का पडते? मी म्हणाले, चालतं थ्रेशर पट्टा काढल्यावर लगेच थांबत नाही, तसंच.

"वेचणीत होती ना तू? मंग हे काय कापसात उगवलं?" आपा म्हणाल्या. वर्ग हसला. थ्रेशरचं उदाहरण त्यांच्याच धड्यातलं होतं. त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग सगळ्यांना म्हणाल्या, "शेवटचे दोन धडे नाही होनार, पोरीहो. माह्या रेकॉर्डिंगसाठी अब्बा तासभर हातोडे बंद ठेवतात. दोघीच घेतात म्हटल्यावर कोन्या तोंडानं सांगू त्याइले? दहा रुपयाचं नाही, बेटा. कोनी ऐकते, हे घरी दाखवा लागते."

मी वहीचं पान उलटलं.

परीक्षा झाली. मी पुढे शिकले, संशोधनाला लागले. अजूनही प्रयोगशाळेत एखादं उपकरण बंद केलं की त्या शांततेत आपांचा आवाज येतो : "नसन समजलं तर पुन्हा ऐका." प्रत्येक धड्याच्या शेवटी त्या तेच म्हणत. न झालेल्या दोन धड्यांच्या शेवटीही मला ते ऐकू येतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या घरी गेले. शिकवणी केव्हाच बंद पडली होती. मी सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त हातातलं काम बाजूला ठेवलं.

"सात जनी ऐकत होत्या?"

"हो, आपा."

"तवाच सांगाव ना. पैसे नसते देल्ले तरी अब्बा मानले असते."

मग त्यांनी एकेकीचं गाव विचारलं. कोण पास झाली, त्या दोन धड्यांवाचून कोणाचं अडलं, तेही विचारलं. मला तिघींचंच सांगता आलं.

"अन् बाकीच्या चौघी?"

मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.