पेपरात नसलेली बातमी

हे मी अजून कुणाशीच बोललेले नाही. नवऱ्याशी नाही, मुलीशी नाही, बहिणीशी तर नाहीच – तिला सांगितलं असतं तर ती माझीच बाजू घेऊन बसली असती, आणि तेच मला नको होतं. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. बघते.

सुरुवात कुठून करू? आबांपासूनच करावी लागेल.

आबा म्हणजे माझे सासरे. भाईंदरच्या खारी गावातले. घराण्याची मिठागरं होती, थोडी भातशेती होती. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यातलं बरंचसं जाऊन बिल्डिंगी उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांतल्याच एका बिल्डिंगीत आमचा फ्लॅट होता. मी परळची. या घरातली बोली मला कळायची नाही. सासूबाई काही बोलल्या की मी नुसती हसायचे. मासळी साफ करता यायची नाही. एकदा मी गॅलरीत एकटीच रडत होते, तर आबा आले, काही विचारलं नाही, एक पुस्तक हातात ठेवलं आणि म्हणाले, "वाच. पन शेवटचा पान आधी बगू नको." 

ती एक रहस्य कादंबरी होती. लेखकाचं नाव मी सांगणार नाही. तुम्ही ओळखाल, इतका तो खपतो. आमच्या घरात त्याला नावच नव्हतं. आबा त्याला 'आपला मानूस' म्हणायचे. मिठागरावर राखणीला बसायचे त्या दिवसांपासून आबा त्याची पुस्तकं वाचत आले होते. लायब्ररीतून आणून, मग विकत घेऊन. आपल्या माणसाची मुलाखत पेपरात आली, त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याने ठाण्याला भाषण केलं – आबांना सगळं माहीत. त्या भाषणाला आम्ही दोघं गेलोही होतो. आबा पहिल्या रांगेत बसले आणि परत येताना रिक्षात एवढंच म्हणाले, "आवाज चांगला हाय."

घरात दुसरं कुणीच वाचणारं नव्हतं. विलासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, क्रिकेट सोडून कशातच गम्य नाही. तेव्हा मी आणि आबा. नवीन पुस्तक आलं की आधी ते वाचायचे, मग मी, आणि मग भाजी निवडताना आमची चर्चा – खुनी कधी ओळखलास, कुठल्या पानावर ओळखलास. सासूबाई म्हणायच्या, ही सून आहे का लायब्ररीतली मैत्रीण. खरं सांगायचं तर त्या घरात मी रुजले ती त्यामुळे. हे लक्षात ठेवा. पुढचं ऐकताना हे लक्षात ठेवा.

मग काचबिंदूने आबांची नजर गेली. आधी कडेकडेने, मग सगळीच. तोवर सासूबाईही गेल्या होत्या. आणि वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. कुणी सांगितलं नाही. ते ठरलेलंच होतं ना?

पहिलं पुस्तक मी आनंदाने वाचलं. दुसरंही.

पण आबा ऐकायचे कसे, तर थांबवत थांबवत. "थांब. मागं वाच. दार कोनी उघडला?" मी मागे जायचे. "त्याच्या हातात छत्री व्हती का न्हाय?" पुन्हा मागे. मी शाळेत मराठी शिकवते – मीरा रोडला, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. अर्धा वर्ग घरी गुजराती बोलतो, अर्धा हिंदी. दिवसभर घसा फोडून यायचं. आल्यावर मुलीचं, सायलीचं, बारावीचं वर्ष, विलासच्या शिफ्ट, स्वयंपाक, आबांची औषधं. आणि मग ते पुस्तक. मी दमायचे. कुणीही दमलं असतं.

– बघा, मी पुन्हा तेच करतेय. आजवर मनात जेव्हा जेव्हा हे सांगितलं, तेव्हा दमणुकीचं आधी सांगितलं. पण ते खरं कारण नव्हतं. सांगते.

आपल्या माणसाने तीन भागांची एक मालिका लिहायला घेतली होती. दुसरा भाग अशा जागी संपला होता की आबा रात्रभर तळमळले. गोष्टीतला वकील मेला असं सगळे समजतात, आणि शेवटच्या ओळीत त्याच्या बायकोला फोन येतो. कोणाचा? तिसऱ्या भागात कळणार. आबा रोज विचारायचे. मी शाळेतून आले, चपला काढल्या की आतून हाक – "पुस्तक आला का गो?"

पुस्तक आलं. भाईंदर स्टेशनजवळच्या दुकानात मला ते दिसलं, नवं कोरं, एकावर एक रचून ठेवलेलं. मी तिथेच उभ्याउभ्या घेतलं. घरी आले. चपला काढल्या. हाक आली. आणि पर्समध्ये पुस्तक असताना मी म्हणाले, "नाही हो आबा. पुढे ढकललंय म्हणे."

का? मला ते एकटीला वाचायचं होतं. एवढंच. कुणी न थांबवता, मागे न जाता, माझ्या वेगाने. त्या घरात माझं म्हणून काहीच उरलं नव्हतं, निदान हे तरी – असं वाटलं. पुस्तकाला ब्राउन पेपरचं कव्हर घातलं आणि स्टाफरूममध्ये, मोकळ्या तासाला, वह्यांच्या गठ्ठ्याआड वाचलं. खूप सुंदर होतं. मी सांगू का, इतक्या वर्षांत मला एखादं पुस्तक तेवढं आवडलं नव्हतं. 

मनात होतं, संपलं की घरी नेऊ. "आलं बरं का आबा" म्हणू. पण संपल्यावर कळलं की आता ते सगळं मला मोठ्याने वाचावं लागणार. पानन् पान. शेवट माहीत असताना, त्यांच्या प्रश्नांसकट. आज नको, म्हटलं. उद्या. मग परीक्षा आल्या. आणि इकडे रोजचा प्रश्न चालूच. रोज एकच उत्तर कसं द्यायचं? म्हणून मी एक दिवस म्हणाले, आपल्या माणसाची तब्येत बरी नाही म्हणे, म्हणून उशीर होतोय.

वाटलं, आता विचारायचं थांबतील. थांबले नाहीत. प्रश्न तेवढा बदलला. "आपल्या मानसाचा कसा हाय? काय लिवलाय पेपरात?" मग मी आजार द्यायला लागले. आधी ताप. मग फुप्फुस. कधी जरा बरं आहे, कधी पुन्हा दवाखाना. आबांनी मासळी सोडली. आमच्याकडे मासळी सोडणं म्हणजे काय, ते घरातल्यालाच कळेल. विलासने विचारलं तर म्हणाले, नवस हाय, नवस सांगायचा नसतो. मला मात्र हळूच सांगितलं, "तो बरा व्हईपर्यंत."

तो माणूस तेव्हा ठणठणीत होता. गावोगाव पुस्तकावर सह्या देत फिरत होता. मी फोनवर त्याचे फोटो बघत होते.

तेव्हा तरी थांबायचं ना? त्याच दिवशी पुस्तक समोर ठेवून पाय धरायचे. नाही धरले. मला नवसाची लाज वाटली, आणि लाजेचा राग आला, आणि तो राग मी त्यांच्यावरच काढला.

संध्याकाळ होती. कुकरची शिट्टी बिघडली होती, सायली खोलीत दार लावून अभ्यासाला बसली होती, विलास कामावर होता. आबा भिंतीला धरत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि त्यांनी विचारलं, आज काय बातमी. मी वळूनही बघितलं नाही. म्हणाले, "आबा, ते गेले."

आबांनी दाराची चौकट धरली. मग म्हणाले, "कवा?"

"काल."

"पेपरात आलाय?"

"हो."

"वाच."

आता खरं सांगायचं ते हे. आधीचं सगळं मी कधीतरी कुणाला तरी सांगितलंही असतं. हे नसतं सांगितलं. मी हात पुसले. आबांना खुर्चीत बसवलं. टीपॉयवरचा पेपर घेतला आणि उघडला – फ्लॅटच्या जाहिरातींचं पान होतं – आणि त्या पानाकडे बघत मी एका जिवंत माणसाच्या मरणाची बातमी वाचून दाखवली. नामवंत रहस्यकथाकार, अल्पशा आजाराने, राहत्या घरी. वाचकांचा लाडका. पहिली कादंबरी अमुक. मागे पत्नी, दोन मुलगे. कुठेही अडखळले नाही. ज्या आवाजाला वाचायचा कंटाळा आला होता, तो आवाज त्या दिवशी इतका छान लागला. आणि आबांनी मध्येच थांबवलं नाही. पहिल्यांदाच.

संपल्यावर म्हणाले, "पयला पुस्तक तो न्हाय. त्याच्या आधी एक व्हता. पेपरवाल्यांना कायपन म्हायती नसतं."

मग उठले. न्हाणीघरात जाऊन डोक्यावरून थंड पाणी घेतलं, घरातलं कुणी गेल्यावर घेतात तसं. मला पाण्याचा आवाज येत होता. मी भाजी परतत होते.

विलासला त्यांनी काही सांगितलं नाही. विलास आला, विचारलं, आबा जेवत का नाहीत. मी म्हणाले, वय झालंय.

त्यानंतर घर शांत झालं. मी शाळेतून आले की चपला काढायचे आणि आतून हाक यायची नाही. मला हवं होतं तेच मिळालं, नाही का? मी दुसरं काही वाचू का, असं एकदोनदा विचारलं. नको म्हणाले. मासळीही खाईनात. मी म्हटलं, आबा, आता कशाला? ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे." खिडकीशी बसायचे. समोर बिल्डिंगच आहे, आणि त्यांना तर तीही दिसत नव्हती.

सायलीची परीक्षा संपली तसा घरातला टीव्ही पुन्हा सुरू झाला. एका दुपारी मी आले तर सायली टीव्ही चालू ठेवून खाली मैत्रिणीकडे गेलेली, आणि हॉलमध्ये आबा एकटे बसलेले. टीव्हीवर आपला माणूस बोलत होता. मुलाखत चालू होती. तिसऱ्या भागाला वाचकांनी कसं उचलून धरलं, पुढचं काय लिहितोय, प्रकृती कशी सांभाळतो – आणि हसत होता.

मी रिमोट घेतला. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

मी उभीच राहिले. खांद्याला पर्स तशीच. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मान जरा वाकडी करून, माझं वाचन ऐकायचे तसंच. जाहिराती लागल्या तेव्हा म्हणाले, "म्हंजे बरा हाय."

मी वाट बघत होते. ओरडतील, विचारतील, निदान नाव घेऊन हाक मारतील. त्यांनी विचारलं, "घरात बोंबील हायेत का?"

त्या रात्री आबा मासळी जेवले. विलास खूश झाला. म्हणाला, नवस फिटला वाटतं. आबा म्हणाले, फिटला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून पुस्तक घरी आणलं, कव्हर काढलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. काय बोलायचं ते ठरवून आले होते. बोलता आलं नाही. म्हणाले, "आबा, तिसरा भाग आहे. वाचू?"

त्यांनी हात पुढे केला. पुस्तक घेतलं, मांडीवर ठेवलं, त्याची जाडी बोटांनी बघितली. मग परत दिलं.

"नको गो. तू दमतेस."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी ते खरंच म्हटलं होतं, आजारी माणसाला म्हणतात तसं.

वकिलाच्या बायकोला आलेला तो फोन कुणाचा होता, ते आबांना कधीच कळलं नाही. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी तेही सांगितलं नाही – त्यांनी विचारलं नाही, असं स्वतःला सांगत राहिले. पावसाळा लागायच्या आत ते गेले. झोपेत.

दहाव्याला गावातली झाडून सगळी माणसं आली. विलासची आत्या माझा हात धरून रडली. म्हणाली, "बाय, आंधल्या मानसाला तू पुस्तकं वाचून दाखवलीस. पोटची पोर करनार न्हाय." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आणि त्यांना वाटलं, सून किती साधी आहे.

आपला माणूस अजून लिहितो. मी अजून वाचते. त्याच्या बातम्या बघते, मुलाखती ऐकते, नवीन पुस्तक आलं की त्याच आठवड्यात घेते. आता ते विलासच्याही लक्षात आलंय. परवा नवीन आलेलं टेबलावर बघून तो म्हणाला, "आबा असते तर तू वाचून दाखवलं असतंस ना गं."

"हो," मी म्हणाले.