दुसऱ्याच्या बॅगेतली जागा

१४ ऑक्टोबर. संध्याकाळी कोळंबी सोलायला घेतली होती. निम्मी सोलून झाली होती, निम्मी सिंकमध्येच होती, आणि फोन मसाल्याच्या बरण्यांना टेकवून ठेवला होता. लेकीचा कॉल यायचा होता. ती ऑगस्टपासून नैरोबीला आहे. इथल्या, गल्फमधल्या तिच्या युनिव्हर्सिटीतून एक सेमिस्टर बाहेर करता येते. तिच्या वर्गातली बाकीची मुलं इंग्लंडला आणि नेदरलँड्सला गेली, हिने नैरोबी निवडलं. त्यावरून आमच्या घरात महिनाभर वाद चालला होता, आणि वाद घालणारी मी एकटीच होते.

"मिळालं का सगळं?" कॉल लागल्या लागल्या मी विचारलं.

"मिळालं, मम्मा."

"बोंबलांचा वास बाहेर आला नाही ना? तीन पिशव्यांत बांधले होते."

"नाही आला." मग ती जरा थांबली. "मम्मा, त्यांच्या घरी मला फार ऑकवर्ड झालं."

त्यांच्या म्हणजे आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनिस्टच्या घरी. इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका पॅकेजिंग कंपनीत मी ॲडमिन बघते, आणि ही तिथे रिसेप्शनवर बसते. मूळची नैरोबीची. आई आणि सात वर्षांची मुलगी तिकडे, ही इथे स्टाफ अकोमोडेशनमध्ये. कंपनी तिला दोन वर्षांतून एकदा तिकीट देते. ती परवा घरी गेली, आणि लेकीसाठी केलेलं माझं पार्सल तिच्याबरोबर गेलं. ते आणायला लेक आज तिच्या घरी गेली होती.

"चहा दिला, बसवलं, सगळं छान. मग ती छोटी येऊन आईला विचारायला लागली, माझे बूट कुठेत? आजीनेही विचारलं, ब्लँकेट आणणार होतीस ना? त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी. स्वाहिलीत म्हणाल्या. त्यांना वाटलं मला कळत नाही."

"आणि तुला कळलं?"

"मम्मा, दोन महिने क्लास करतेय मी. छोटी म्हणाली, बॅग तर एवढी मोठी होती. तेव्हा त्या म्हणाल्या, त्यात मॅडमचं सामान होतं."

मी कोळंबी खाली ठेवली.

"मला काही बोलली नाही ती," मी म्हटलं. "जागा नाही म्हणाली असती तर मी दिलं असतं का?"

"यू आर हर बॉस, मम्मा. कधी विचारलंस तिला?"

 तिच्या रजेच्या अर्जावर सही करताना विचारलं होतं. ती टेबलासमोर उभी होती, माझ्या हातात पेन होतं, आणि सही करता करता मी म्हटलं, बॅगेत थोडी जागा आहे का, मुलीला थोडं खायला पाठवायचंय. ती म्हणाली, शुअर मॅडम. मी सही केली. त्या क्षणी दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तिच्या नक्की आलं असणार.

इथे हे सगळेच करतात. कोणी निघालं की त्याच्या बॅगेवर चार घरांचा डोळा असतो. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या बिल्डिंगमधून कोणी मुंबईला जाणार असलं, तर तिकीट काढल्याची बातमी त्याच्या आधी लिफ्टमधून खाली येते. मीही लोकांची औषधं, चष्मे, लग्नाच्या साड्या नेल्यात, आणि वसईची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, व मसाला लोकांच्या बॅगांतून मागवलाय. पण त्यात एक पळवाट असते. नको असलं की आपण म्हणतो, इन्शाल्ला, वजन करून सांगते; आणि समोरचा काय ते समजतो. तिने मला इन्शाल्ला म्हणावं, अशी माझी-तिची बरोबरी नव्हती.

आणि ते थोडं नव्हतं. शनिवारी मी बॅग भरत होते तेव्हा नवरा दारात उभा राहून म्हणाला, "यल्ला, चल, अजून भर. नैरोबीत दुष्काळ पडलाय ना!" सुके बोंबील, सुकट, मसाल्याच्या दोन बाटल्या, तांदळाचं पीठ, सुकेळी, लोणचं. लेकीने यातलं काहीही मागितलं नव्हतं. तिकडे भारतीय दुकानं भरपूर आहेत, हे तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. पण ती निघताना मी तिच्याशी धड बोलले नव्हते. एअरपोर्टवरसुद्धा पासपोर्ट आणि इन्शुरन्स यापलीकडे माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता. ते भरून काढायला मी पीठ आणि बोंबील पाठवत होते.

त्याच संध्याकाळी मी बॅग अकोमोडेशनच्या गेटवर नेऊन दिली. तिने ती उचलली आणि तिचा खांदा एका बाजूला खाली गेला. मी ते पाहिलं. "जड नाही ना?" म्हटलं. "नो प्रॉब्लेम, मॅडम," ती म्हणाली. मी हॅपी जर्नी म्हटलं आणि तशीच सुपरमार्केटला गेले.

आता सिंकसमोर उभी राहून मला ते ब्लँकेट दिसत होतं, न पाहताच. झिपच्या जाड प्लास्टिक बॅगेतलं, मोठ्या फुलांचं नाहीतर वाघाचं. पहिल्या रजेवर जाताना मीही असंच एक आईसाठी वसईला नेलं होतं. तिने ते कधी अंगावर घेतलं नाही; आमच्याकडे एवढी थंडी कुठे? प्लास्टिकसकट पलंगावर ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. मुलगी गल्फला आहे म्हणजे काय, हे त्या ब्लँकेटवरून कळत होतं. दुसऱ्या कुणाच्या लोणच्यासाठी मी ते मागे ठेवलं असतं का? आणि मला कोणी ठेवायला लावलं असतं, तर मी त्या माणसाबद्दल काय बोलले असते, तेही मला चांगलं माहीत आहे.

कॉल संपल्यावर नवऱ्याला सांगितलं. लगेच पुढचंही सुचलं. "ट्रान्सपोर्टमधला एक ड्रायव्हर पुढच्या आठवड्यात नैरोबीला जातोय. त्याच्याबरोबर ब्लँकेट देऊ."

"हो," तो म्हणाला, "आणि त्याच्या बॅगेतून काय काढायचं?"

मी हात धुतले आणि रिसेप्शनिस्टला नैरोबीला फोन लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"मॅडम? रजा कॅन्सल झाली का?"

नमस्कार नाही, काही नाही. माझं नाव स्क्रीनवर दिसल्यावर तिच्या मनात पहिलं हेच आलं. भांड्यांचा आवाजही थांबला. घरातली माणसं ऐकत उभी असावीत.

"नाही, नाही. रजा पूर्ण आहे. मी सॉरी म्हणायला फोन केला."

काय झालं ते तिला समजेना. मी सांगितलं. ती घाईघाईने म्हणाली, "तुमच्या मुलीने कंप्लेंट केली का? आम्ही तिला काही बोललो नाही, मॅडम."

"तिने फक्त ऐकलं. तिला स्वाहिली समजतं आता."

"ओह." मग ती हसली, पण अवघडून. "चांगलं बोलते. आई म्हणाली, ही मुलगी उच्चार करताना फार मेहनत घेते." आणि पुन्हा रिसेप्शनवरच्या आवाजात, "इट्स ओके, मॅडम. मी पुढच्या वेळी नेईन."

पुढची वेळ कधी ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. ते तिकीट मीच काढते.

"मी कार्गोने पाठवते. सामान कुठे आहे?"

"नको मॅडम, तुम्हाला त्रास."

"कुठे आहे?"

"माझ्या बेडखाली."  मग हळूच, "मॅडम, पाठवणारच असाल तर बूट आधी जाऊ देत. तिचा पाय वाढतोय."

तिने माझ्याकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे पहिलंच. फोन ठेवल्यावरही बरं वाटलं नाही. बरं वाटावं म्हणून फोन केला होता, हेही तेव्हाच लक्षात आलं. कोळंबी नवऱ्याने सोलून ठेवली होती. 

१५ ऑक्टोबर. सकाळी ऑफिसच्या आधी अकोमोडेशनला गेले. तिच्या रूममधली मुलगी गेटवर सामान घेऊन आली. तिला व्हॉइस मेसेज आला होता, तरी तिने दोनदा विचारलं, "मॅडम, कुछ प्रॉब्लेम है क्या?" ब्लँकेट वाघाचंच होतं. बुटांच्या खोक्यावर पेनाने छोटीच्या पावलाची बाह्यरेषा काढलेला कागद चिकटवला होता. घरून फोटो आला असणार आणि तिच्या आईने मापाने उतरवून घेतला असणार.

कार्गोच्या दुकानातला माणूस म्हणाला, समुद्रमार्गे पाठवा, परवडेल. मी म्हटलं, विमानाने, आणि दोन्ही एकत्रच. तिची रजा संपायच्या आत पोचेल का, हे त्याच्याकडून तीन वेळा वदवून घेतलं. "इन्शाल्ला, मॅडम," तो म्हणाला. मी म्हटलं, "इन्शाल्ला नको, हो की नाही ते सांग." तो म्हणाला, हो. पाठवणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा तिचं सांगितलं.

ऑफिसला उशिरा पोचले. रिसेप्शनची खुर्ची रिकामी होती आणि फोन वाजत होता. मी पर्स काउंटरवर ठेवली आणि तो उचलला.