आलो की आले

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल सर्रास पुरुषांसारखं बोलतात. ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘लय दमलो बाई’. तासगावजवळच्या आमच्या गावात आई बेदाणा निवडायला शेडवर जायची, तिथं सगळ्याजणी असंच बोलायच्या. त्यामुळे लहानपणापासून मीही ‘आलो, गेलो’ म्हणत राहिलो आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. घरच्यांनी मला मुलगी म्हणून वाढवलं होतं. मी मुलगा आहे हे मला सात-आठ वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं, पण ते सांगायचं कसं हे कळत नव्हतं. तेवढं ‘आलो’ मात्र हक्काचं होतं.

अकरावीला सांगलीच्या कॉलेजात गेलो आणि तेही गेलं. मराठीच्या मॅडम बाहेरगावच्या होत्या. एके दिवशी दारात उभा राहून मी म्हणालो, “मॅडम, बस चुकली, म्हणून उशिरा आलो.” त्या हसून म्हणाल्या, “आले. मुलींनी ‘आले’ म्हणायचं.” वर्ग हसला. गावाकडच्या बाकीच्या मुलींनी आठवड्याभरात निमूट ‘आले, गेले’ सुरू केलं. मला ते तोंडातून काढता येईना. मग मी स्वतःला वगळून बोलायला शिकलो. “उशीर झाला, मॅडम.” “वही घरी राहिली.”

हे फक्त एका मुलीच्या लक्षात आलं. ती माधवनगरची. परतताना आमची बस एकच असायची; ती आधी उतरायची, मी पुढं तासगावकडे. एकदा शेजारी बसून तिनं सरळ विचारलं, “तू मॅडमपुढं ‘झालं, राहिलं’ एवढंच का बोलतीस? ‘आले’ म्हणायला काय होतंय तुला?”

मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, “ते खोटं हाय.”

“म्हंजे?”

“मी मुलगी न्हाई. कवाच नव्हतो.”

कंडक्टर पास बघून पुढं गेला. मला वाटलं, आता ही उठून दुसरीकडं बसणार. तिनं विचारलं, “मग मी तुला ‘बोलतीस’ म्हणू का ‘बोलतोस’?”

“बोलतोस.”

“बरं. पण वर्गात न्हाई म्हणणार. तुलाच तरास हुईल.”

सांगली ते माधवनगर जेमतेम वीस मिनिटांचा रस्ता. दोन वर्षं रोज तेवढा वेळ कुणीतरी माझ्याशी मुलगा म्हणून बोलत होतं. ती दप्तर ठेवून माझी जागा धरायची. भडंगाच्या पुडीतले शेंगदाणे निवडून आधी स्वतः खायची, मग पुडी माझ्यापुढं करायची. प्रेमात कधी पडलो हे सांगता येणार नाही. बारावीच्या पूर्वपरीक्षेआधी धीर करून तिला सांगितलं, तर ती म्हणाली, “मला कळलंय ते. मला बी तू आवडतोस.” दप्तराखाली तिनं माझा हात धरला आणि तिचा स्टॉप येईपर्यंत सोडला नाही. दोघांचेही तळवे घामेजले होते.

बारावीनंतर ती नर्सिंगला साताऱ्याला गेली. मी त्याच उन्हाळ्यात केस कापले आणि आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आलो-गेलो तर मी बी म्हणतो की गं. त्यात काय येवढं?”

“तुझी ती सवय हाय, आई. माझं खरं हाय.”

ती रडली. फौजेतून निवृत्त झालेले वडील बाहेर सोप्यात सगळं ऐकत बसले होते. ते एवढंच म्हणाले, “मागनं वाकडं कापलंय त्यानं. उद्या माझ्यासंगं चल.” दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शेजारी-शेजारी खुर्च्यांवर कटिंगला बसलो.

दिवाळीआधी मी साताऱ्याला गेलो. स्टँडवर ती मैत्रिणीला घेऊन आली होती. “हा माझा मित्र,” तिनं ओळख करून दिली. चारचौघांत, मोठ्यानं. मैत्रीण गेल्यावर आम्ही चहा घेतला. ती कपाकडे बघत म्हणाली, “तू घरी सांगितलंस. आपल्या दोघांचं घरी सांगणं माझ्यानं न्हाई व्हायचं. माझ्यात तेवढा दम न्हाई.” मी तिला समजावलं नाही. रागही आला नाही. तिनं मला बसमध्ये बसवून दिलं आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली. कराडपर्यंत मी रुमाल तोंडावर धरून रडलो, मग झोप लागली.

फोन हळूहळू कमी झाले. तिचं लग्न झालं. माझे हार्मोनचे उपचार सुरू झाले, सांगलीत नोकरी लागली. मागच्या वर्षी कागदपत्रांवर नवं नाव लागलं, तेव्हा पुष्कळ दिवसांनी तिला फोन केला. तिनं ते नाव दोनदा उच्चारून बघितलं आणि म्हणाली, “चांगलं वाटतंय.” मागं तिची मुलगी किरकिरत होती, तीन दिवस ताप होता म्हणे. मग आम्ही त्या तापाबद्दलच बराच वेळ बोललो.