चढ शोधत खुटबावपर्यंत

शिरूरमध्ये आमच्या बाजूला चढ म्हणजे गतिरोधक. त्यामुळे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, जानेवारीत स्वतः गाडी चालवत भोरहून वरंध घाटानं कोकणात उतरायचं आणि आंबोलीनं वर यायचं असं ठरवलं, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो हाच. सराव करायचा कुठं?

ठरवल्यापासून मला स्वस्थ बसवत नाहीये. बॅग भरते, रिकामी करते, पुन्हा भरते. मोबाइलच्या नकाशावर बोटानं घाट उतरते आणि अवघड वळण आलं की बोट उचलते. नवरा म्हणतो, ड्रायव्हर घेऊ. मला ड्रायव्हर नको आहे, शेजारच्या सीटवर आई हवी आहे. आणि आईनं फोनवर अट घातली, "आधी चढावर गाडी थांबवून परत पुढं काढून दाखव. मग येते का न्हाई ते बघू."

तिला हक्क आहे. लग्नाआधी ती दर वर्षी मेंढरांमागं चालत घाट उतरायची आणि पावसाआधी वर यायची. आता खुटबावला पक्कं घर आहे, माझ्या धाकट्या भावाचा ऊस आहे. मेंढरं कधीच गेली. तर अट पुरी करायला रविवारी सकाळी मी निघाले.

सरळ रस्ता न्हावऱ्यावरून जातो, पण आधी उलट्या दिशेला शिक्रापूर गाठलं, ब्रेक तपासायला. रविवार असूनही चौकात ट्रकची रांग होतीच. तिथला मेकॅनिक बिहारकडचा. त्यानं मागचे ब्रेक साफ केले, पुढचे पॅड बदलले. घाट म्हटल्यावर म्हणाला, "मॅडम, उतरते टाइम ब्रेक पे खडे मत रहना. जिस गियर में चढते हैं, उसी में उतरना." तुम्हीही घाटाच्या तयारीत असाल तर एवढं लिहून ठेवा.

शिक्रापूरहून तळेगाव ढमढेरेमार्गे न्हावरे, तिथून पारगावला भीमा ओलांडून केडगाव. रस्ता बरा, पण अरुंद. सध्या ऊसतोड सुरू आहे आणि ट्रॉल्यांना मागं दिवा असेलच असं नाही, म्हणून अंधार पडल्यावर हा रस्ता नको. केडगावला स्टेशनजवळ चहा घेतला. उभ्यानंच प्यायले. बसले असते तर कदाचित परत फिरले असते.

खुटबावला पोचले तर भाऊ अंगणातच होता. "आक्का, शिक्रापूरच्या चौकातनं नीट आलीस व्हय? मग घाट काय अवघड हाय."

"तू गप रे," आई म्हणाली. तिनं पदर खोचला होता, पायात चपला घातल्या होत्या. "चल. कालव्यावर."

गावाबाहेर रस्ता कालव्याच्या पुलावर चढतो. छोटासाच चढ, पण चांगला उभा. आई गाडीत बसली नाही. कडेला उभी राहून म्हणाली, "मधोमध थांब."

मी थांबले. क्लच सोडला, गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी मागं सरकू लागली. हँडब्रेक आहे हे मला आठवलंच नाही. कसाबसा ब्रेक दाबला. आरशात पाहिलं तर आई वाकली होती. तिनं चाकामागं दगड सरकवला होता.

"सोड आता पाय," खिडकीशी येऊन ती म्हणाली. "जात न्हाई कुठं."

मग हँडब्रेक ओढला, क्लच हळूहळू सोडला, गाडी थरथरली तसा हँडब्रेक खाली केला. गाडी वर गेली. दुसऱ्यांदा जमलं नाही. तिसऱ्यांदा जमलं, पण इतक्या जोरात की कालव्यावरचे बगळे उडाले.

नंतर आम्ही पुलाच्या कठड्यावर बसलो. मी विचारलं, "घाट कसा दिसायचा गं तुला?"

"मला काय म्हाईत?"

"दर वर्षी जायचीस ना?"

"मी सगळ्यांच्या मागं असायची. बारकी कोकरं घसरायची, त्यांच्या पायाकडं बघत चालायची. वर तोंड करून घाट कवा बघितलाच न्हाई." मग म्हणाली, "पाय दुखूस्तोवर हिंडलो आम्ही. आता घर हाय, तर तू हिंडायला निघालीस."

घाटाला येते असं ती म्हणाली नाही, येत नाही असंही नाही. तिच्या हातची बाजरीची भाकरी आणि वांग्याचं कालवण खाऊन ऊन असतानाच मी परत निघाले. न्हावऱ्याच्या अलीकडच्या वळणावर गाडीत मागं काहीतरी गडगडलं. थांबून डिकी उघडली. खताच्या गोणीच्या तुकड्यात गुंडाळलेला तो दगड.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "जमलं?" मी म्हटलं, "अर्धं." खोटं नव्हतं ते. रोज सकाळी आता मी सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर हँडब्रेकचा सराव करते; हा चढ आधी सुचलाच नव्हता. वॉचमन खुर्ची उचलून लांब जाऊन बसतो. दगड डिकीतच आहे. वळणावर त्याचा आवाज येतो तेव्हा मला कोण जाणे का, धीर येतो.

काल आईचा फोन आला. उसाचं, भावाच्या पोरांचं, थंडीचं बोलून झालं. ठेवता ठेवता म्हणाली, "रेखे, तुझ्या गाडीत पुढं बसल्यावर वरपातूर दिसतं का गं? का ते टप आडवं येतं?"

"दिसतं," मी म्हटलं. "मान जरा पुढं केली की सगळं दिसतं."

"मग रस्त्याकडं तू बघ," ती म्हणाली. "मी न्हाई बघायची."