एका बैठकीत किती?

दारूच्या सर्व्हेला निघालो तेव्हा वाटलं होतं, आकडे गोळा होतील. जमले ते किस्सेच!

मी दिल्लीत शिकून परतलेला. गावोगावच्या पिण्यातला फरक शोधायचा आणि जिल्हा सुधारायचाच, या जोशात. सोबतीला हळ्ळीखेडच्या आरोग्यसेविका शांताक्का. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "आमचं घर एकदम शेवटी धरायचं." त्यांचे यजमान मारुतीअण्णा पितात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी त्यांचा फॉर्म गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवला.

*

निर्णा गावात पारावरची मंडळी म्हणाली, "हितं कोण पितंय? हळ्ळीखेडला जावा!"

हळ्ळीखेडात ऐकलं, "औरादला जावा, तिथं पूर वाहायलाय!"

औरादला एका अप्पांनी शिंदीचा लोटा खाली ठेवला, मिशा पुसल्या. "ही झाडाची शिंदी हाय, दारू न्हाई. दारू पितेत ते निर्ण्यात!"

*

एक कापडवाले अण्णा म्हणाले, "आठवड्यातून एकदाच. बाजारच्या दिवशी."

मी आनंदानं टिक केली. शांताक्कांनी विचारलं, "कोणत्या बाजारला, अण्णा?"

"जिथं भरंल तिथं! धंदाच हाय आपला. सात गावं, सात बाजार!"

टिक खोडली.

*

माप सगळीकडे सारखं असावं म्हणून मी दिल्लीहून खास पेला आणला होता. एका आजींनी तो हातातून घेतला, विसळला आणि चहानं भरून पुढे ठेवला.

"एका बैठकीत पाच पितेत का, हेच इचारत फिरायलास न्हवं? आधी तू पाच पी. तोंड बघ किती सुकलंय लेकराचं!"

तीन पेल्यांनंतर मी हात जोडले. शांताक्का गंभीरपणे म्हणाल्या, "लिवा. दिल्ली : तीन!"

*

शेवटी एकच फॉर्म उरला. दुपारची वेळ. शांताक्का आत भाकऱ्या थापत होत्या, मारुतीअण्णा बाहेर ओट्यावर. किती वेळ मी नुसताच पेनचं टोपण काढत-लावत बसलो. मग विचारलं, "अण्णा, शेवटची कधी घेतलीत?"

आतली थापथाप थांबली.

अण्णांनी दाराकडे पाहिलं, माझ्याजवळ सरकले. "सव्वीस दिस झाले," ते हळूच म्हणाले. "पर तिला सांगू नगा. लई येळा फसवलंय तिला. टिकलं तर मीच सांगीन."

आतून आवाज आला, "सत्तावीस!"