बिनआवतणाची गाडी

माझा नवरा आणि माझा धाकटा भाऊ, दोघांनी एकाच दिवाळीत पिकअप घेतल्या आणि तेव्हापासून आमच्या घरी जेवताना दुसरा विषय निघालेला मला आठवत नाही. माझं लग्न गावातल्या गावात झालेलं. केळझरच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत आमचं गाव. सासर देवळामागे, माहेर चार घरं सोडून, त्यामुळे भांडायला कोणाला लांब जावं लागत नाही. भाऊ सकाळी चहाला यायचा तो बोलतच आत शिरायचा, "भाऊजी, काल तुमचं पुढचं चाक घसरून राह्यलं होतं. मी पाह्यलं." नवरा कपातून तोंड न काढता म्हणायचा, "तुह्या डोळ्यात कचरा गेला असन."

दोन्ही गाड्या उंच, दांडग्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या. नवऱ्याची पांढरी, भावाची लाल, कंपन्या वेगवेगळ्या. पूजेला केळझरच्या गणपतीकडेही दोघांनी एकाच दिवशी नेल्या आणि नारळ आधी कोणाच्या चाकापुढे फोडायचा यावरून गुरुजींना थांबवून धरलं. भाऊ कारंजाच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांशेजारी बसून टायरांचं ज्ञान घेऊन यायचा. नवरा मोबाईलवर परदेशातल्या वाळवंटात उड्या मारणाऱ्या पिकअप बघायचा आणि आपल्या गाडीत आपण वांगी भरतो हे विसरून जायचा. टायरच्या खाचा तो जुन्या टूथब्रशने धुतो. या माणसाने स्वतःचा कप विसळलेला मी अजून पाहिला नाही.

शर्यतीचं मैदान म्हणजे आमची पांदण, शेतात जायची कच्ची वाट. नाल्यापासून गावाजवळच्या वळणापर्यंत नुसती काळी माती. पावसाळ्यात ती पाय धरते आणि चप्पल ठेवून घेते. पाऊस पडून गेला रे गेला की हे दोघे भरलेल्या गाड्या घेऊन पांदणीत. पारावरची मंडळी कामधंदे सोडून बघायला. कोण जिंकलं हे कधी ठरलं नाही. पांदणीत मात्र गुडघ्याएवढ्या चाकोऱ्या पडल्या आणि गावातल्या बैलबंड्या दुसऱ्या वाटेने जाऊ लागल्या.

आणि माझी मेथी टोपलीत बसून वाट बघायची. भाजी लावते मी, खुडते मी, बाजारात बसून विकते मी. आमच्या बचत गटातल्या बायकाही तेच करतात. पण माल बाजारात कधी पोचणार हे ठरवणार नवऱ्याची गाडी. "येतोच" म्हणून गेलेला माणूस पांदणीत भावाला हरवून, चिखल उडवून, हसत हसत यायचा तोपर्यंत पालक मान टाकून द्यायचा. मी ओरडायचे. तो म्हणायचा, "पाणी शिंपड ना." माझं डोकं तडकायचं, पण करते काय? मोठ्या पिकअपला हात लावायची मला परवानगी नव्हती. गाडी चालवायला मी शिकलेली होते, तीही त्याच्याचकडून, हरभरा निघून गेलेल्या रिकाम्या वावरात. लायसन्सही काढलं होतं. ते देव्हाऱ्याच्या फळीवर निवांत पडलेलं.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या गटाने वर्ध्याहून मालाची एक छोटी इलेक्ट्रिक गाडी वापरून बघायला आणली. पोळ्यापर्यंत चालवा, जमलं तर ठेवा, नाहीतर परत करा, असं ठरलं. गटात लायसन्स माझ्या एकटीचं, म्हणून चालवणार मी. गाडी हिरवी, बुटकी, मागे लहानसा हौदा. क्लच नाही, गियर नाही, आवाज तर नाहीच. पहिल्या दिवशी सासूबाई तिच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुरू कर ना व, पाहू दे."

"सुरूच हाय आई, बाजूले व्हा."

रात्री ती गोठ्यात बैलांशेजारी चार्जिंगला लागायची. थोरल्या बैलाने पहिल्या दिवशी वायर हुंगली आणि नंतर तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

पांदणीत मी ती कधी घातली नाही. मी काय वेडी आहे? कालव्यावरच्या मुरमाच्या रस्त्याने जायचे. फेरा पडायचा, पण मेथी ताजीच्या ताजी बाजारात. लवकर पोचायचं सुख काय असतं ते मला या वयात कळलं. गिऱ्हाईक येऊन उभं आहे आणि माझा माल आधीच मांडलेला आहे, हे बघून मला मनातल्या मनात नाचावंसं वाटायचं. येताना रिकाम्या गाडीत गटातल्या बायका बसायच्या आणि कुठलं तरी गाणं काढायच्या. गाडीला आवाज नाही, म्हणून ते सगळ्या रस्त्याला ऐकू जायचं.

घरी मात्र तिचं नाव पडलं खेळणं. नवरा म्हणायचा, "खेळण्यात किती वांगे मावले आज?" भाऊ म्हणायचा, "ताई, सेल संपले का टीव्हीच्या रिमोटमधले टाकजो." इतक्या वर्षांत ज्यांचं हवेच्या प्रेशरवरसुद्धा एकमत झालं नाही, ते दोघे यावर एक झाले. मला ते फार लागलं. बाहेरचे हसले तर मी दोन शब्द सुनावून मोकळी होते. घरच्यांचं काय करायचं? आणि गटातल्या बायकाही माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एकीने बोलूनच दाखवलं, "तुह्या घरचेच मानत नाईत, तं आमी घरी काय सांगाव?" गाडी परत गेली की मी पुन्हा टोपली घेऊन "येतोच"ची वाट बघत बसणार, हे मला दिसत होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. हळद आणि लोणी लावून जुवाखालची जागा चोळायची, आणि मग त्यांना आवतण द्यायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." एकदा आवतण दिलं की पोळ्याच्या दिवशी त्या बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, मग जग इकडचं तिकडे होवो. आवतण फक्त घरच्या जनावराला. उसन्या बैलाला नाही. आमच्या गावात गेली काही वर्षं ट्रॅक्टर आणि पिकअपलाही हा मान मिळतो, कारण बैल कमी झाले आणि हौस तेवढीच राहिली.

नवऱ्याने बैलांचे खांदे शेकले, मग पांढऱ्या पिकअपच्या चारही चाकांना हळद लावून तिला अगदी हात जोडून आवतण दिलं. सासूबाई ती वाटी घेऊन माझ्या गाडीकडे निघाल्या. नवरा म्हणाला, "ते राहू दे आई. वापस जाणारी वस्तू हाय. आवतण घरच्याले असते."

आत जाऊन पुरणाची डाळ निवडत बसले आणि मला रडूच आलं. रागही इतका आला की डाळीत खडे राहिले असतील तर राहू देत, यांच्याच दाताखाली येऊ देत, असं वाटलं. मग उठले, बाहेर आले आणि म्हटलं, "ठीक हाय. आवतण नाई, तं हिले सुट्टीबी नाई. मी उद्या बाजारात चालली."

पोळ्याच्या सकाळी कोहळं आणि वांगी भरून मी निघाले. रात्री पाऊस चांगला झालेला. सणाचा दिवस, घरोघरी कोहळ्याची भाजी, माल हातोहात गेला. गटातल्या दोघी सोबत होत्या. आम्ही वाटेत भजी खाल्ली आणि दुपारच्या आत गावात परत आलो. आलो तर पारावर सगळा गाव गोळा होऊन हसतोय.

सासूबाईंनीच सांगितलं. बैलांना धुवायला नाल्यावर नेतात, तशा या दोघांनी आपापल्या पिकअप नाल्यावर धुवायला नेल्या. धुऊन झाल्यावर, पोळ्याच्या तोरणाखाली बैलांच्या मागे पहिली गाडी कोणाची उभी राहणार, यावरून जुंपली. जो आधी गावात पोचेल त्याची, असं ठरलं. दोघेही एकदमच पांदणीत घुसले. पांदण एका बंडीपुरती. दोन्ही गाड्या एकमेकींना खेटून अशा रुतल्या की आतल्या बाजूची दारंही उघडेनात. चाकं जितकी फिरवली तितक्या खाली गेल्या. गावात निरोप पाठवून बैल मागितले, तर कोण देणार? आज पोळा. ट्रॅक्टरवाल्याने तर झूल घातलेला ट्रॅक्टर दाखवून सांगितलं, "यालेबी काल आवतण दिलं बावा. आज नाई जुंपत."

मी हसले. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले. मग मात्र मनात आलं, दोघे सकाळपासून उपाशी बसले असतील.

गोठ्यामागे मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, कपाशीची वाळलेली झाडं, चुलीसाठी ठेवलेली. आम्ही तिघींनी गाडीत मावतील तेवढ्या पऱ्हाट्या भरल्या, दोर घेतला, पुरणपोळ्यांचा डबा घेतला. पांदणीचं गावाकडचं टोक मुरमाचं आहे, तिथपर्यंत गाडी जाते. वळणावर बाभळीचं कुंपण दाट आहे. त्याच्या अलीकडे मी गाडी थांबवली आणि पलीकडून दोघांचं बोलणं ऐकू आलं. आमची गाडी आल्याचं त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं.

भाऊ म्हणत होता, "भाऊजी, खरं सांगू का? तुमची गाडी माह्या गाडीपेक्षा भारी ओढते."

"नाई बे. ओढाले तुहीच चांगली. माह्या गाडीचा दिखावाच जास्त."

मग भाऊ म्हणाला, "ताई बाजार करून येतबी असन आता. खेळण्यावर."

"खेळणं नाई ते," नवरा म्हणाला. "मी मंगळवारी तिच्या मागं मागं गेलतो बाजारात, मोटरसायकलवर. लपून. बाप्पा, काय ऐटीत चालवून राह्यली होती. बायका गाणं म्हणून राह्यल्या होत्या. इतकी खूश मी तिले कधी पाह्यली नाई."

"मंग काल आवतण काऊन नाई दिलं?"

"आता काय सांगू तुले. रोज चिडवलं अन आता हळद लावू? गावासमोर तोंड कुठं लपवू? पण वापस नाई जाऊ देत मी ते गाडी. तू सांगजो नको तिले. डोक्यावर बसन माह्या."

सोबतच्या दोघींनी पदराचे बोळे तोंडात कोंबले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला हसूही येत होतं, दोन्ही एकदम. मी गाडी हळूच मागे घेतली, चांगली लांब नेली, आणि मग हॉर्न वाजवत वाजवत आले.

दोघे पांढऱ्या पिकअपच्या टपावर बसले होते, कमरेपर्यंत चिखल, डोक्यात चिखल. मला बघून नवऱ्याने लगेच कपाळावर आठ्या चढवल्या. "तू कायले आली? हे खेळणं घेऊन?"

"गावात बिनआवतणाचं हेच एक राह्यलं. उतरा खाली अन चिखल खोदा."

आधी त्यांना पुरणपोळ्या चारल्या. मग चाकांपुढचा चिखल उकरून आम्ही पऱ्हाट्या दाबून बसवल्या. दोर माझ्या गाडीला बांधला. माझी गाडी त्यांच्यापुढे मांजर, ते मलाही कळतं, आणि ओढायचा खरा जोर त्यांच्याच इंजिनांनी लावला. पण तिला क्लच नाही, झटका नाही. मुरमावर उभी राहून ती दोर एकसारखा ताणून धरत राहिली. मी ओरडून सांगत होते, "चाकं फिरवू नका जोरात, हळू घ्या." आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याने गाडीच्या बाबतीत माझं ऐकलं. चाकाने पऱ्हाटी धरली, पांढरी वर आली, तिच्या मागोमाग लाल.

धुवायला आता वेळ नव्हता. तोरणाखाली बैल झुली घालून, शिंगं रंगवून उभे होते, झडत्यांची गाणी सुरू झाली होती. त्यांच्या मागे दोन्ही पिकअप चिखलाने सारख्याच काळ्या, कोणती कोणाची ते ओळखू येईना. दोघांपैकी कोणीही पुढे जाईना. भाऊ म्हणाला, "ताई, तू लाव पुढं." मी लावली.

मग नवरा घराकडे गेला आणि वाटी घेऊन आला. गाव बघत होता, गटातल्या बायका बघत होत्या. त्याने माझ्या गाडीला एक चक्कर मारली, खांदा कुठे असेल ते बघत, आणि मग पुढच्या चाकांच्या वर दोन्हीकडे हळद-लोणी चोळलं. हात जोडले. एक दिवस उशिराने, बैलाला म्हणतात तसंच म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." गटातल्या ज्या बाईने "घरी काय सांगाव" म्हणून मला विचारलं होतं तिने आपल्या सासूकडे पाहून मान डोलावली. गाडी राहिली. मी कोहळ्याच्या रिकाम्या पोत्याची घडी घालत बसले.

वाटी घेऊन तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आता हिलेबी सुट्टी लागू झाली. पुढच्या पोळ्याले आमी फसलो तं कोण काढन?"

"कोणी नाई. बसजा दोघं टपावर गोष्टी करत, यंदासारखे. मी बाभळीमागून ऐकाले येईन."

तो जागीच थांबला. माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, मग पलीकडे उभ्या असलेल्या माझ्या भावाकडे. भाऊ मान खाली घालून आपल्या टायरवरचा चिखल खरवडू लागला. चिखलाच्या खालीसुद्धा नवऱ्याचे कान लाल झालेले मला दिसले.

"ते मंगळवारचंबी?" त्याने विचारलं.

"मंगळवारचंबी," मी म्हटलं.