भावजयीच्या एसीचा प्लग

एकसष्टाव्या वर्षी मी फारच अल्लड होते. शाळेतून निवृत्त झाले होते, अडकलेला पैसा उशिरा हातात आला आणि नांदेडच्या शोरूममधल्या टायवाल्या पोराने "आजी, पेट्रोलपंपाचं तोंड बघायचं काम नाही" म्हटल्याबरोबर ही बया विरघळली. जन्मभर पोरांना गणित शिकवलं, पण बॅटरीच्या गाडीला पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्तीचे किती मोजतोय, हे न विचारता हिरव्या नंबरप्लेटवर भाळली. रोड टॅक्स लागला नाही, तेवढं खरं. सबसिडी पहिल्या काही गाड्यांना होती म्हणे. ती आमच्यापर्यंत येईस्तोवर पुण्याकडेच संपली. पुढे टोलही माफ झाला, तो तिकडच्या मोठमोठ्या रस्त्यांवर. लोह्यावरून अहमदपूरला जाणाऱ्या बाईचा त्यात कुणी विचार केला नव्हता.

मला गाडी हवी होती ती लातूरला जायला. आईवडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे धाकटा भाऊ. एसटीच्या सीटमध्ये आता माझे गुडघे मावत नाहीत, आणि मुलाला "सोडून ये" म्हटलं की त्याला नेमकं ऑफिस आठवतं. शोरूमच्या हिशोबाने लातूरला जाऊन, परत येऊन, वर विष्णुपुरीच्या धरणावर चक्कर झाली असती. पण लातूर उंचावर, नांदेड गोदावरीच्या खोलगटात. बाकी बायकांना माहेरची वाट उताराची वाटते. माझ्या गाडीला ती चढाची. त्यात एसी लावला की पोचेपर्यंत परतीपुरतं काही उरत नाही.

म्हणजे भावाकडे चार्जिंग आलं. आणि गाडीला झेपेल असा जाड प्लग त्याच्या घरात एकच, हॉलमधल्या एसीचा.

पहिल्या दोन-तीन खेपांना भावजय काही बोलली नाही. यंदा मे महिन्यात मी एसीची पिन काढली, खिडकीतून केबल बाहेर सोडली आणि पानावर येऊन बसले, तर ती पदराने वारा घेत समोर उभी.

"आक्का, तुमी जेवायला आल्या का करंट भरायला?"

"दोन्ही. का गं?"

"न्हाई, गाडी पोट भरून राहिली आन् आमी शिजून राहिलो, म्हणून इचारलं. मागच्या टायमाला तुमी गेल्या आन् बिल बघून यांचं डोकंच फिरलं. युनिट शंभराच्या वर गेले की पुढच्याला दरच येगळा लागतो."

तिचं बरोबर होतं, आणि नेमकं तेच मला सोसवेना. मी म्हणाले, "आमच्या बाबांच्या दारात पाहुण्याची बैलगाडी आली की आधी बैलाला वैरण पडायची. कडब्याच्या पेंढ्या कुणी मोजल्या न्हाईत."

"बैल शेण तरी टाकून जायचा, आक्का! तुमची गाडी काय टाकून जाती?"

हसू आलं होतं, पण गिळलं. "तुमच्या पाणीटंचाईत कंडक्टरच्या शिव्या खात नांदेडहून पाण्याचे कॅन आणले मी. ते मोजले होते का? कुणाच्या पाण्यावर आंघोळी केल्या?"

"तुमी ते पाण्याचं कवा काढताव म्हणून वाटच बघून राहिले होते मी!"

"अरे, बोल की काहीतरी," मी भावाला म्हणाले. "अहो, बोला की," ती म्हणाली.

भाऊ म्हणाला, "उन्हाळा लई हाय यंदा."

तिने जाऊन गाडीची पिन उपटली. मी वाढलेलं ताट तसंच ठेवून उठले.

अर्धवट भरलेली गाडी अहमदपूरपर्यंत रेटली. तिथे एका धाब्यावर चार्जिंगचा खांब आहे. त्याला आधी ॲप हवं, ॲपला ओटीपी हवा, मग ॲपच्या पाकिटात आगाऊ पैसे हवेत, आणि दर घरच्यापेक्षा कितीतरी चढा. खांबाने माझे पैसे घेतले आणि बंद पडला. तो पुन्हा चालू होईस्तोवर मी त्याला, शोरूमच्या पोराला आणि एकसष्ट वर्षांच्या त्या अल्लड पोरीला मनसोक्त शिव्या घातल्या. भाऊ फोन करत होता. उचलला नाही.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "विकून टाक." विचारून आले. जुन्या बॅटरीचं नाव काढून शोरूमवाल्याने जो भाव सांगितला, त्यात बरी म्हैस आली नसती. आणि गाडी विकली की लातूर संपलं, हे मला ठाऊक होतं.

म्हणून पुढच्या खेपेला लातुरातच, गावाबाहेर नुकत्याच लागलेल्या सार्वजनिक खांबावर गाडी लावली आणि भावाला तिथेच बोलावलं. तो डबा घेऊन आला, आम्ही गाडीत बसून जेवलो. त्यानंतरच्या खेपेला डब्यामागोमाग स्कूटीवर भावजय आली.

"गल्लीभर झालंय, मीच तुमाला हाकलून दिलं म्हणून. घरी चला."

"हाकललंच की गं."

"ताटावरून कोण उठलं? लोकांचं तोंड मी धरू का आता? उठा!"

"गाडी भरू दे, मग येते."

ती मागच्या सीटवर बसली आणि दार असं आपटलं की भाऊ दचकला. गाडी भरायला तासभर लागला.

मग गेले घरी. जेवले. एसीच्या प्लगकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती मात्र दोनदा हॉलमध्ये येऊन बघून गेली, म्हातारीने काही खुपसलंय का म्हणून.